मौन दालनातला अबोला

३ जानेवारी

ती. आत्या,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना, तुझ्या खिडकीला आणि शेजारच्या खोलीत घोरणाऱ्या सिस्टरना माझा वेगवेगळा नमस्कार. फोनच करणार होतो. पण तुमच्या वृद्धाश्रमाचा फोन मदरच्या टेबलावर, आणि तू बोलायला लागलीस की मदरना नेमकं त्याच टेबलावर काम निघतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र.

बातमी अशी की तुझ्या मठात मला काम मिळालं. प्रार्थनेचं नव्हे, संडासाचं. मठाचं संग्रहालय झाल्यापासून लोक लांबून बघायला येतात, आणि आध्यात्मिक शांतीपेक्षा त्यांना आधी ही शांती लागते. तेव्हा नवी स्वच्छतागृहं बांधायचं कंत्राट तुझ्या भाच्याकडे आलं. बारा वर्षांचा असताना तुझ्या पेटीचं कुलूप खोलून ठेवलं म्हणून तू मला ‘पक्कड’ म्हणाली होतीस. त्याच पक्कडीवर आज पाच माणसं पोटाला लागली आहेत. हा तुझाच आशीर्वाद समज.

काम सुरू करायच्या आधी रीतसर तिकीट काढून सगळा मठ पाहिला. दारातच कानाला लावायचं एक यंत्र देतात. त्यात एक बाई बोलतात. मागं वारा आणि व्हायोलिन. ‘मी सिस्टर आहे. या भिंतींना मी माझे अश्रू दिले.’ आवाज फार गोड. अशा आवाजाच्या बाईला मठात कुणी घेतलं नसतं. माझ्यापुढं एक जोडपं होतं. नवरा विचारतो, ‘यांना टीव्ही नव्हता?’ बायको म्हणते, ‘नव्हता.’ ‘मग या भांडत कशावरून असतील?’ बायकोनं यंत्राचा आवाज वाढवला.

तुमच्या जेवणघरात उपाहारगृह केलंय. पाटीवर लिहिलंय, ‘साधेपणाचा चहा’. किंमत बघितली, म्हटलं एवढा साधेपणा आपल्याला परवडणार नाही, आणि नळाचं पाणी प्यालो. तुझी खोलीही पाहिली. दाराला मखमली दोरी. आत पलंग, स्टूल, तांब्याचं घंगाळं. खाली पाटी: ‘एका साध्वीची खोली. स्पर्श करू नये.’

संचालिकाबाई हुशार आहेत. चष्मा डोळ्यांवर कमी, डोक्यावर जास्त. मला म्हणाल्या, ‘स्वच्छतागृह वास्तूच्या आत्म्याशी सुसंगत हवं. फ्लशचा आवाजसुद्धा ध्यानमग्न वाटला पाहिजे.’ मी म्हटलं, ‘बाई, पाणी खाली जाताना ध्यान करत नाही, ते सुटकेचा निःश्वास टाकतं.’ त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आता ते कुठल्या भिंतीवर वाचायला मिळतंय बघू.

तुझा,
पक्कड

---

११ जानेवारी

चि. पक्कड,

पत्र पोचलं. फोडलेलं नव्हतं, म्हणजे मदरचा चष्मा अजून दुरुस्तीहून आला नाही.

त्या गोड आवाजाच्या बाईला सांग, आमच्या भिंतींना कुणीही अश्रू दिले नाहीत. गच्चीवरची पन्हळ फुटली होती. माझ्या खोलीत ओल यायची ती वरून, डोळ्यांतून नव्हे. आणि तांब्याचं घंगाळं माझ्या खोलीत कधी नव्हतं. पत्र्याची बादली होती, कान तुटलेली. पण बादलीला मखमली दोरी शोभली नसती, हेही खरं.

तुझं काम नीट कर. उतार बरोबर ठेव. मठाच्या त्या बाजूला जमीन चढी आहे. आमच्या न्हाणीतलं पाणी सारखं माघारी यायचं आणि ती परीक्षा देवानं घेतली असं आम्ही समजायचो.

बागेतलं लिंबाचं झाड आहे का? चॅपलमधलं तिसरं बाक अजून कुरकुरतं का? संडास झाल्यावर सविस्तर लिही. तब्येतीला जप. बायकोला आशीर्वाद. तिला म्हणावं, तुझ्या नवऱ्याची जीभ लहानपणापासून अशीच आहे, तुझ्या माहेरच्यांनी बिघडवलेली नाही.

तुझी,
आत्या

ता. क. दारावर हल्ली कोण असतं? सहज विचारलं.

---

१९ जानेवारी

ती. आत्या,

तुझं पत्र म्हणजे ता. क., आणि त्याच्या आधी थोडी प्रस्तावना. मी पाइपात कान लावून गळती ओळखणारा माणूस. ‘सहज विचारलं’ म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय.

लिंबाचं झाड आहे. बाक कुरकुरतं. आता तुझा प्रश्न. दारावर तिकिटाचं यंत्र असतं. पण तू यंत्राबद्दल विचारलं नव्हतंस. तुमच्या दारवाल्या सिस्टर अजून इथंच आहेत. दाराशेजारच्या दोन खोल्यांत राहतात. संग्रहालय करताना तसा करारच झाला म्हणे, की त्या हयात असेपर्यंत त्यांना हलवायचं नाही. बाईंनी विचार केला, एक खरी सिस्टर फुकटात मिळतेय तर कामाला लावू. आणि त्यांना बसवलंय कुठं? मौन दालनात!

हे दालन म्हणजे तुमची ती शिवणाची, गप्पांच्या तासाची खोली. सगळं सामान काढून पांढरी केली आहे. लोक बाकांवर बसतात आणि कानाला यंत्र लावतात. त्यातून काहीही ऐकू येत नाही. त्याचं तिकीट वेगळं. आमच्या घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, ‘तुम्हाला यंत्र कशाला? मी बोलते तेव्हा तुम्हाला तसंच ऐकू येतं.’

दारवाल्या सिस्टरच्या छातीवर बिल्ला आहे: ‘कृपया शांतता’. मी आत पाऊल टाकलं तशी खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘या या, बसा! इथं बोलायचं नाही हं! कुठून आलात? मुलंबाळं काय? पाय का घासत चालता, बूट नवा आहे का?’ बाकांवरच्या सगळ्यांनी यंत्रं काढून ठेवली आणि ऐकायला लागले. एक गृहस्थ शांती मिळवायला सुटी घेऊन आले होते. त्यांना त्यांनी सुनेशी कसं वागावं ते समजावून सांगितलं. गृहस्थ जाताना म्हणाले, ‘फार हलकं वाटलं.’ संचालिकाबाई दारातून खुणा करत होत्या, गप्प, गप्प. दारवाल्या सिस्टरनीही त्यांना प्रेमानं हात हलवला.

मग त्यांनी त्या दालनाची मुख्य गोष्ट सांगितली. ती तशीच्या तशी तुला कळवतो.

‘आमच्यात,’ त्या म्हणाल्या, ‘दिवसभर मौन. दुपारी एक तास बोलायची मुभा. त्या तासाची आम्ही लहान मुलींसारखी वाट बघायचो. पण आमच्यात एक सिस्टर होती. माझ्याच वर्षी आलेली, म्हणून रांगेत कायम माझ्या शेजारी. एकदा तिचा भाऊ येऊन गेला. त्याच दुपारी मी तिला काही सांगायला गेले, तर तिनं ओठांवर बोट ठेवलं. त्या दिवसापासून तिनं तो एक तासही देवाला वाहिला! वीस-बावीस वर्षं! माझ्या शेजारी बसून मोजे विणायची, पण चकार शब्द नाही. इतरांशी कामापुरतं एखादं अक्षर. माझ्याशी तेही नाही. मला वाटायचं, माझ्यामुळे तिचं मौन मोडू नये म्हणून ती माझ्यापासून जपते. केवढा मनाचा निग्रह! मी मदरना सांगितलं. मदरनी सगळ्यांना सांगितलं. आम्ही तिला मौनी सिस्टर म्हणायचो.’

बाकावरच्या एका बाईंनी डोळे पुसले.

आत्या, दारवाल्या सिस्टरच्या शेजारी बसून मोजे कोण विणायचं? माझ्या कपाटात राखाडी मोज्यांचे इतके जोड आहेत की गोगलगाईला घातले तरी उरतील. म्हणजे ती थोर साध्वी तूच. पण मी तुला ओळखतो. लहानपणी मी तुझं कुलूप खोललं तेव्हा तू माझ्याशी अख्खी सुटी बोलली नव्हतीस. तेव्हा काही मी तुला मौनी म्हटलं नव्हतं.

खरं काय ते लिही.

तुझा,
पक्कड

---

२५ जानेवारी

चि. पक्कड,

मौनी! कसली मौनी? मी अबोला धरला होता!

बावीस वर्षं मी तिच्याशी बोलले नाही आणि तिला पत्ताच नाही? मौनव्रताच्या मठात राग धरायचा म्हणजे किती कठीण, तुला काय कल्पना? बाहेर बायका रागावल्या की भांडी आपटतात. आम्हाला भांडी आपटायचीही मनाई. बोलणं बंद करावं, तर बोलणं आधीच बंद. उरला तो एकच तास. तो मी पणाला लावला, आणि मदर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘सिस्टर, तुमच्यापासून सगळ्यांनी शिकावं.’ मी रागानं आतल्या आत फुटत होते आणि सगळ्या माझ्याकडं बघून प्रार्थना करत होत्या. मी विणकामाची सुई जोरात खुपसायची, तर म्हणे काय एकाग्रता!

कारण हवंय ना? घे. तुझा बाप मला भेटायला आला होता. इतक्या लांबून, किती वर्षांनी. आणि तिनं त्याला दारातून परत पाठवला. दुपारी, बोलायच्या तासाआधी, फिरत्या कपाटातून, आमचं बाहेरचं सगळं सामान त्यातूनच यायचं, तिनं संत्र्यांची पिशवी काढून माझ्यापुढं ठेवली आणि हातानं खूण केली: भाऊ आला, गेला. बस्स. जणू दूधवाला येऊन गेला. पुढच्या हिवाळ्यात तो देवाघरी गेला. ती भेट राहिली ती राहिलीच. ती संत्री मी खाल्ली नाहीत. सुकून खडे झाली.

तेव्हा तिनं आधी माफी मागावी, मग मी बोलेन. आणि तू मध्ये पडू नकोस. तिला काहीएक सांगायचं नाही. तिचं तिला समजलं पाहिजे.

मोजे घालत जा. लोकर चांगली आहे.

आत्या

---

२ फेब्रुवारी

ती. आत्या,

बावीस वर्षं तिचं तिला समजलं नाही, आता या वयात काय उजेड पडणार? पालथ्या घड्यावर तू पाणी ओततेस आणि घडा म्हणतो, काय सुंदर पाऊस आहे.

मी मध्ये पडलो नाही. फक्त शेजारी पडलो. मौन दालनाच्या भिंतीमागं माझा पाइप जातो. आता तो जरा सावकाश बसवतोय. दुपारी दारवाल्या सिस्टर मला चहा देतात, साधेपणाचा नव्हे, खरा साधा. तुझा भाचा आहे हे सांगितलेलं नाही. सहज विचारलं, तुझ्याकडून शिकलेलं ‘सहज’, की त्या मौनी सिस्टरचा भाऊ आला होता, त्याला आत का नाही घेतलं?

म्हणाल्या, ‘अहो, घेणारच होते! घंटा वाजली. आत प्रार्थना संपत आली होती. मी आतून म्हटलं, एवढी प्रार्थना होऊ दे, थोडं थांबा, आता बोलावते. दार उघडून बघते तर कुणी नाही! फिरत्या कपाटात संत्री. गृहस्थ कोपऱ्यापर्यंत पोचले होते. मी हाक मारली. त्यांनी वळून हात हलवला आणि बस पकडायला पळाले. तेच तिला दुपारी सांगायला गेले, तर ओठांवर बोट!’

आत्या, आता मी बोलतो ते शांतपणे वाच. बाबांना तू माझ्याआधीपासून ओळखतेस. ते कधी कुणासाठी थांबले? स्वतःच्या लग्नात ते जेवण वाढायच्या आत उठले होते, आई आयुष्यभर सांगायची. डॉक्टरनं नाडी धरली तर म्हणायचे, ‘झालं का?’ त्या दिवशी ते घरी आले ते मला आठवतंय. आईनं विचारलं, ‘झाली भेट?’ बाबा म्हणाले, ‘दार भक्कम आहे.’ जेवले आणि झोपले. त्यांना दारानं परत पाठवलं नाही. त्यांना त्यांच्या पायांनी परत आणलं.

माझा अंदाज सांगू? हे तुलाही त्याच दुपारी माहीत होतं. पण भावावर रागवायचं म्हणजे जिवावर येतं. दारावर रागावणं सोपं. दार हलत नाही.

आणखी एक गोष्ट. ही मी हसण्यावारी लिहीत नाही. दारवाल्या सिस्टर एवढ्या मोठ्यानं बोलतात ते उगाच नव्हे. ‘डाव्या कानानं केव्हाच राजीनामा दिला,’ त्या म्हणतात, ‘उजवा नोटिशीवर आहे.’ डॉक्टर म्हणालेत, उन्हाळा निघाला तर खूप. यंत्राचाही उपयोग नाही. त्या हसत सांगतात. पण चहाचा कप ठेवला की मान तिरकी करून उजवा कान पुढं करतात, भांड्यातलं शेवटचं दूध ओतून घ्यावं तशा.

तू माफीची वाट बघत बसलीस तर माफी मिळेलही. पण तू ‘बरं’ म्हणालेलं त्यांना ऐकू येणार नाही.

तुझा,
पक्कड

---

९ मार्च

ती. आत्या,

महिना उलटून गेला, उत्तर नाही. आता माझ्याशीही अबोला? मग मीही तुझ्या नावानं दालन काढतो. तसंही ते निघालंच आहे.

संचालिकाबाईंना मौनी सिस्टरची गोष्ट फार आवडलीय. ‘मौन हल्ली जोरात चालतं,’ त्या म्हणाल्या. परवा एका कंपनीचे साहेबलोक मौन-शिबिराला आले होते. सगळे बाकावर गप्प बसून एकमेकांना फोनवर लिहून पाठवत होते. तर आता दालनात ‘मौनी सिस्टरचा कोपरा’ होणार. तुझी खुर्ची, वर तुझं मोठं चित्र. पाटी मी वाचली: ‘यांनी शब्दांचा त्याग केला आणि विश्वाशी संवाद साधला.’ विश्वाशी! शेजारच्या बाईशी जमलं नाही ते.

चित्रकारानं तुला डोळे मिटलेली, खाली पांढरं कबूतर, अशी काढली आहे. कबूतर हुबेहूब आहे.

बाईंना कळलंय की तू हयात आहेस. आधी जरा हिरमुसल्या, कारण पाटीवर ‘होत्या’ लिहून झालं होतं. मग म्हणाल्या, ‘प्रत्यक्ष आल्या तर सोन्याहून पिवळं! त्यांनी काही बोलायचं नाही, नुसतं बसायचं.’ उद्घाटन २६ तारखेला. आमंत्रण तुमच्या मदरना गेलं आहे, म्हणजे तुझ्या आधी सगळ्या आश्रमाला ठाऊक असेल.

तू ये किंवा येऊ नकोस, मी आग्रह करणार नाही. फक्त एवढंच कळवतो की काल मी दारवाल्या सिस्टरना मागून हाक मारली. दोनदा. त्यांनी वळून पाहिलं नाही.

पक्कड

---

१४ मार्च

चि. पक्कड,

मी रुसले नव्हते. मी विचार करत होते. या घरात दोन्ही सारखंच दिसतं.

तुझ्या बापाबद्दल तू लिहिलंस ते मला आवडलं नाही. दोनदा वाचलं, दोन्ही वेळा आवडलं नाही. तिसऱ्यांदा वाचताना तो लग्नातून उठला तो प्रसंग डोळ्यांपुढं आला. मीच त्याला हाताला धरून पाटावर परत बसवला होता. या घरात इतकं मोठ्यानं हसायची रीत नाही. घोरणाऱ्या सिस्टर जाग्या झाल्या.

मी येते. पण अटी ऐक. ते कबूतर काढायला सांग. मला पाखरांचा वास सहन होत नाही. माझ्या पाया कुणी पडायचं नाही, वाकणारा तोल जाऊन पडला तर सावरायला मीच, आणि गुडघे माझे दुखतात. खुर्ची तीच असेल तर उशी लागेल. आणि तिनं आधी बोलायचं. हे मी सोडणार नाही. बावीस वर्षं कुणी उगाच घालवत नाही, काहीतरी हाती लागलंच पाहिजे.

गाडी घेऊन तू ये. मदर सोबत यायचं म्हणताहेत. त्यांना सांग, गाडी लहान आहे.

आत्या

---

२८ मार्च

चि. पक्कड,

तू माझ्या भावाचाच मुलगा. मला दारात उतरवलंस, ‘आलोच’ म्हणालास आणि कुठल्यातरी इमारतीत पाइप फुटला म्हणून जो पळालास तो पळालासच. फोन करून संध्याकाळी यायचं कबूल केलंस, पण रात्रीपर्यंत आला नाहीस. काल निरोप आला, दोन-चार दिवसांत येतो. ये सावकाश. मी इथंच तिच्या, दारवालीच्या खोलीत आहे, कुठं जात नाही. तेव्हा काय झालं ते या पत्रातच वाच, नाहीतर संचालिकाबाईंच्या तोंडून ऐकशील आणि त्यात व्हायोलिन असेल.

दालन गच्च भरलं होतं. मला माझ्या खुर्चीवर बसवलं, कबुतराखाली. नाही काढलं त्यांनी. म्हणाल्या, रंग वाळलाय. गळ्यात हार घातला आणि त्याच्या आड एक छोटं काळं बोंडूक माझ्या कॉलरला टोचलं. बाई कुजबुजल्या, ‘सिस्टर, हा माईक. तुमचं खरं मौन आम्ही रेकॉर्ड करणार. पाहुण्यांना यंत्रातून तेच ऐकवू.’ मी विचारणार होते की माझं मौन इतरांपेक्षा वेगळं वाजतं का, पण बोलायचं नाही असं ठरलं होतं.

ती आली. थकली आहे रे फार. तिला माझ्या शेजारी बसवलं, जुन्या रांगेप्रमाणे, माझ्या डावीकडं. मी समोर बघत होते. तिनं माझा हात हातात घेतला आणि मांडीवर ठेवून दिला, आपलीच वस्तू असल्यासारखा.  मला वाटलं, आता मागेल माफी. मी तयारीत होते.

प्रमुख पाहुणे बोलायला उठले. विषय: मौनाचं महत्त्व. सुरुवातीला लोक ऐकत होते. मग वारा घेत होते. मग मागच्या दोन रांगा झोपल्या. गृहस्थ मौनाच्या पहिल्या पायरीवरून दुसरीवर काही जाईनात. ती इतका वेळ त्यांच्या ओठांकडं बघत होती, शाळेतल्या मुलीसारखी. शेवटी माझ्याकडं वळली. तिला वाटलं ती हळू बोलतेय. सगळ्या दालनाला ऐकू गेलं.

‘मला यांचं काही ऐकू येत नाही गं. चांगलं बोलतायत का? माझं काही राहून जातंय का?’

माफी नाही, काही नाही. एवढंच विचारलं. आणि मान तिरकी करून उजवा कान माझ्यापुढं केला.

पक्कड, मी काय करणार होते? मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, ‘काही राहून जात नाही. ऐकण्यासारखं काहीच नाही.’

ते त्या बोंडकातून छतापर्यंत घुमलं. मागच्या दोन रांगा जाग्या झाल्या. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. पाहुण्यांना वाटलं भाषणाला आहे. ते वाकले आणि बसले. एक बाई ओरडल्या, ‘बोलल्या! मौनी सिस्टर बोलल्या!’ आणि रडायला लागल्या. बावीस वर्षांनी पहिलं वाक्य बोलले आणि ते पाहुण्यांच्या भाषणावर. तुझं तोंड कुणाकडून आलंय ते कळलं असेल आता.

तिचं कशाकडं लक्ष नव्हतं. तिनं माझे दोन्ही हात धरले होते. डोळ्यांतून पाणी, आणि तोंडानं, ‘माझ्यासाठी व्रत मोडलंस? माझ्यासाठी?’

मग मला राहवेना. लोक चहाला गेल्यावर मी तिच्या कानात सगळं सांगितलं. म्हटलं, ‘अगं बावळट, व्रत कसलं, मी तुझ्यावर रागावले होते! इतकी वर्षं!’

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, ‘रागावली होतीस? मग सांगायचंस की!’

मी म्हटलं, ‘सांगणार कशी? अबोला होता ना!’

आम्ही दोघी इतक्या हसलो की तिला ठसका लागला. पाणी आणायला धावले, म्हणजे उठले. मग तिनं तुझ्या बापाचं सांगितलं. तू लिहिलं होतंस तेच, पण एक गोष्ट तू लिहिली नव्हतीस, तुला तिनं सांगितली नसेल. कोपऱ्यावरून वळून त्यानं हात हलवला, आणि ओरडला, ‘पुन्हा येतो, तिला म्हणावं!’ एवढं सांगायला ती त्या दुपारी आली होती. ‘पुन्हा येतो’ एवढंच. आणि मी ओठांवर बोट ठेवलं.

मी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला.  ती माझा हात धरून बसली.

इतक्यात संचालिकाबाई आल्या. चष्मा डोक्यावर, हातात यंत्र. दालन आता रिकामं झालंय, म्हणाल्या, आवाजही नाही कुणाचा. ‘सिस्टर, सगळं छान झालं, फक्त मौन रेकॉर्ड व्हायचं राहिलं हो. पाचच मिनिटं गप्प बसता का?’

मी म्हटलं, ‘बाई, आता वेळ नाही. हिचा उजवा कान अजून चालतोय.’

तुझी,
आत्या